पाठीची बटणं

४ जानेवारी

धाकटे,

सुतळीच्या वाढदिवसाचा ड्रेस सोबतच्या पार्सलात आहे. फोन करणार नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, मग मी ओरडते, मग सुतळी तुझ्या हातातून फोन काढून घेते आणि म्हणते, "तुम्ही दोघी आपल्या पत्रं लिहा, निदान शेजाऱ्यांना तरी झोप लागेल." तिचं ऐकायचं ठरवलं आहे.

ड्रेसबद्दल सूचना. डावी बाही मुद्दाम सैल आहे आणि मनगटापासून कोपरापर्यंत टिचबटणांनी उघडते. डायलिसिसच्या सुया त्या हाताला लागतात. बाही वर सरकवत बसायची नाही, उघडायची. इस्त्री उलट्या बाजूने कर. पाठीला बटणं आहेत. तिचा खांदा वर जात नाही आणि हात मागे पोहोचत नाही, तेव्हा ती कुणीतरी लावावी लागतात. इथे होती तोवर रोज सकाळी ती माझ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि मी लावायचे. तेवढ्यात आमचं दिवसभराचं बोलून व्हायचं. आता ते काम तुझ्याकडे गेलं आहे. वरून खाली लावत जा. खालून सुरुवात केली की गळ्याशी कापड ओढलं जातं.

ती तुझ्याकडे आली त्याला वर्ष होत आलं. तिथलं केंद्र संध्याकाळी चालतं, त्यामुळे तिला दिवसा नकाशांच्या कचेरीत काम करता येतं, हे मला मान्य आहे. चौदाव्या वर्षापासून जी मुलगी आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घेते, तिने चोविसाव्या वर्षी स्वतःचा पगार घरी आणावा, याचा मला आनंदच आहे. पण रविवारी ती फोन करते आणि सांगते काय, तर मावशी असं म्हणाली, मावशीने तसं केलं. माझ्या कारखान्यात शिवणयंत्रांचा जेवढा आवाज होत नाही तेवढं तुझं नाव माझ्या कानांवर पडतं.

बटाटे दोनदा उकळून पोटॅशियमचं पाणी फेकतेस ना? आणि प्यायचं पाणी मोजून देतेस ना?

थोरली

१५ जानेवारी

ताई,

ड्रेस मिळाला. रंग झकास. सुतळीने तो लगेच अंगाला लावला आणि आरशासमोर अशी काही फिरली की माझा चहाचा कप जाता जाता वाचला.

आता रागावू नकोस, पण ड्रेस लांब झालाय. बाह्या चोख, खांदा चोख, पण कंबर कुठल्या कुठे खाली आली आहे आणि घेर जमिनीला चाटतो. "आईने बहुतेक तुझ्या मापाचा शिवला," असं ती मला म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या आईच्या डोळ्यांचं बघायला हवं, तिला आमच्या दुकानात पाठव, एक चष्मा सवलतीत देते." खरं सांगू, वर्षभर पोर नजरेआड असली की माप विसरायला होणारच. त्यात तुझा काय दोष.

बटाटे दोनदा उकळते. पाणी मोजूनच देते. गेलं वर्षभर देते आहे आणि तू दर फोनला विचारते आहेस. उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर निदान उंट थोडा जवळ तरी आण.

बटणं वरून खाली लावते. मीही शिकले आहे. सकाळी ती पाठ करून उभी राहते आणि कचेरीतल्या त्या लांब मानेच्या साहेबाची नक्कल करते. मला हसू आवरत नाही, मग एखादं बटण चुकीच्या काजात जातं आणि पहिल्यापासून सुरुवात.

सोबत फोटो पाठवते आहे, कचेरीच्या अंगणातला. बघ, गाल कसे भरलेत. दुकानातली माणसंसुद्धा म्हणाली, भाचीला तुमचं घर मानवलं.

धाकटी

२१ जानेवारी

धाकटे,

मी माप विसरलेले नाही. सुतळीच्या मापाचा कागदी नमुना माझ्या टेबलाच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला आहे. ड्रेस कापण्याआधी मी तिला फोनवर विचारलं होतं, माप तेच ना? ती म्हणाली, तेच. शाळांचे गणवेश शिवून माझं अर्धं आयुष्य गेलं. न बघता, नुसत्या चालण्यावरून मी पोराची उंची सांगते. माझ्या पोटच्या पोरीचं माप मला तू शिकवू नकोस.

ती दारात वाकून उभी राहिली असेल आणि तू खाली बसून बघितलं असशील. तुला साधी टीप घालता येत नाही. चष्म्याच्या काड्या वाकवणं वेगळं आणि कापड अंगावर बसवणं वेगळं.

फोटो पाहिला. गाल भरले आहेत हे खरं आहे. माझ्याकडे असताना तिचे गाल कधी भरले नाहीत. नऊ वर्षं मी तिच्या ताटातलं मीठ, तिच्या पेल्यातलं पाणी आणि तिच्या गोळ्या सांभाळल्या. ती सतरा वर्षांची असताना माझी एक किडनी तिला दिली. ती तिच्या अंगाने चार महिन्यांत परत केली. माझं काही त्या पोरीच्या अंगी लागत नाही आणि तुझ्या हातचं लगेच लागतं. माय मरो पण मावशी जगो असं म्हणतात, ते कोणीतरी आमच्याकडे बघूनच म्हटलं असणार.

मी मार्चमध्ये येते आहे आणि तिला घरी घेऊन जाणार आहे. इथलं केंद्रही आता दोन पाळ्यांत चालणार असं ऐकते. नोकरी इथेही मिळेल.

थोरली

२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

घेऊन जाणार म्हणजे काय? ती काय तू माझ्याकडे ठेवायला दिलेली ट्रंक आहे? तिला विचारलंस? तुझी किडनी तिच्या अंगाला लागली नाही याचं मला तुझ्याइतकंच वाईट वाटलं. मला साखरेचा आजार, म्हणून डॉक्टरांनी मला नुसतं विचारलंसुद्धा नाही. तू निदान देऊन मोकळी झालीस. देता आलं नाही म्हणून मी किती चरफडले ते तुला कुठे ठाऊक. बाहेरच्या बाकड्यावर मी तुझी पिशवी धरून बसले होते, एवढंच माझं काम.

आणि मापाचं म्हणशील तर ऐक. इस्त्रीला कपडे काढताना मी काल तिचं कपाट उघडलं. तू गेल्या वर्षी शिवून दिलेल्या सगळ्याच्या सगळ्या ड्रेसना तिने स्वतः खालून दुमडून टाके घातलेत. काहींना तर दोनदा. म्हणजे तुझं माप आजच नाही, आधीपासूनच चुकतं आहे, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून ती बिचारी गप्प बसून टाके घालते. आता बोल.

चष्म्याच्या काड्यांवरून तू मला टोमणा मारलास. तेही सांगते. तुझी मुलगी चष्म्यावर झोपते. दुसरं काही कारण दिसत नाही. महिन्याभरात मी तिची फ्रेम तीनदा नीट केली. नाकावर बसवून देते, पुन्हा डावीकडून वर उचलली जाते. गालावर टेकते म्हणते. मी म्हटलं, गाल कमी कर किंवा झोपायच्या आधी चष्मा काढ. त्यावर ती हसली नाही. एरवी असल्या बोलण्यावर तीच आधी हसते. हल्ली दाढ दुखते म्हणून पोळीसुद्धा भिजवून खाते. तेवढंच.

मार्चमध्ये ये. पाहुणी म्हणून ये. बाकीचं तिच्या तोंडून ऐकू.

धाकटी

६ फेब्रुवारी

धाकटे,

भांडण बाजूला ठेव. नंतर करू, मी विसरणार नाही.

गेल्या वर्षीचे ड्रेस मी तिच्या अंगावर बघून, टाचण्या लावून, मग शिवले होते. ती इथून निघाली तेव्हा ते तिला नीट बसत होते. मी स्वतः पाठीची बटणं लावून तिला गाडीत बसवलं. कापड धुऊन आटतं, लांब होत नाही. तिने ते दुमडले, त्यातले काही दोनदा, म्हणजे एकदा दुमडून पुन्हा लांब झाले.

तू लिहिलंस की बाह्या चोख आहेत. मी रागात ते वाक्य वाचलंच नाही. माझं माप चुकलं असतं तर बाही आधी चुकली असती. हात तेवढेच आणि कंबर खाली, याचा अर्थ एकच होतो. ड्रेस लांब झालेला नाही. तिची पाठ आखूड झाली आहे.

फोटो मी कपाटात उलटा ठेवला होता. तुझ्या घरात तिचे भरलेले गाल मला बघवेनात. आज काढून खिडकीपाशी नेला. माणूस अंगाने भरतं तेव्हा दोन्ही गाल भरतात. तिचा डावाच भरला आहे, आणि तोही गाल नाही, त्याच्या खालचं हाड आहे. वरच्या दातांत फट पडली आहे. ती पूर्वी नव्हती.

तू दिवसभर लोकांच्या तोंडाकडे बघतेस. दुकानात आलेल्या परक्या बाईकडे बघतेस तसं तिच्याकडे एकदा बघ. तिला दाराच्या चौकटीला उभी कर. वाद घालू देऊ नकोस. मग ताबडतोब तिच्या डॉक्टरांकडे जा.

काय ते कळव. फोन केलास तरी चालेल. मी मधे बोलणार नाही.

थोरली

९ फेब्रुवारी

आई आणि मावशी,

एकच पत्र दोघींना लिहिते आहे. आईचं पोस्टाने येईल, मावशीचं तिच्या चहाच्या कपाखाली आहे. दोघींना शब्द न् शब्द सारखा, हे आधीच सांगते, म्हणजे "तुला जास्त लिहिलं" असं कुणी म्हणायला नको.

काल मावशीने मला चौकटीला उभं केलं. गेल्या वर्षी मी राहायला आले तेव्हा तिथे माझ्या उंचीची खूण केली होती, तिच्याशेजारी तिने नवी खूण केली. तीन बोटं खाली. मावशीने माझा चष्मा काढला आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरून इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं आता नंबर काढते. मग आत जाऊन नाक शिंकरलं. आई, तिच्यावर रागावू नकोस. रोज बघणाऱ्याला दिसत नाही.

डॉक्टरांना माहीत आहे. मलाही माहीत आहे, दिवाळखोर माणसाला आपलं खातं माहीत असतं तसं. मी लपवलं. गळ्यात चार बारक्या गाठी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. किडनी गेलेल्या माणसात हळूहळू त्या गाठींचं डोकं फिरतं आणि हाडांतलं कॅल्शियम उपसून त्या रक्तात ओतत राहतात. माझ्या दहा वर्षं उपसतायत. मणके दबले म्हणून मी बुटकी झाले. जबड्याचं हाड पोखरलं आणि पोखरलेल्या जागी भलतंच काहीतरी फुगून आलं. मांसाची गाठ नाही, कॅन्सर नाही, पण अशीच वाढली तर तोंड उघडेनासं होईल. गोळ्यांनी गळ्यातल्या गाठी आता आवरत नाहीत. इतक्या वर्षांच्या डायलिसिसनंतरही तोंडावर असं फार थोड्यांना होतं. इथल्या डॉक्टरांनी यापूर्वी एकदाच पाहिलं आहे, त्यामुळे शिकाऊ डॉक्टर रांग लावून मला बघून जातात. एवढा भाव मला शाळेत कधी मिळाला नव्हता.

ऑपरेशन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. चारही गाठी काढायच्या आणि एकीचा तुकडा उजव्या हाताच्या कातडीखाली ठेवायचा, म्हणजे थोडं काम चालू राहील. सहीसाठी मला कोणी नको, मी सज्ञान आहे. पण मला भीती वाटते. भूल देताना कोणीतरी बाहेर असावं असं वाटतं.

का लपवलं तेही सांगते. सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, मावशीच्या हातच्या जेवणाने झालं, चल घरी. मावशी म्हणाली असती, आईने उपाशी ठेवलं म्हणून झालं, राहा इथेच. आणि माझा गाल राहिला असता बाजूला. हे कुणा एकीच्या स्वयंपाकाने झालेलं नाही. दोघींनी बटाटे दोनदाच उकळले. हे यंत्रावर जगलेल्या वर्षांचं आहे.

तुम्हाला एकमेकींचा हेवा वाटतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. मला कशाचा वाटतो सांगू? कचेरीतली समोरची मुलगी उन्हातून येते, भरलेली बाटली तोंडाला लावते आणि संपवते. बोलत बोलत. तिचं लक्षसुद्धा नसतं. मी रोज ते बघते आणि रोज मला ती नकोशी होते. तिच्या मानाने तुमच्या दोघींचं भांडण म्हणजे चैन आहे.

अटी तीन. आईने यावं. मावशीच्या घरी उतरावं. आणि ऑपरेशननंतर मी इथेच राहणार, कारण माझं कचेरीतलं टेबल इथे आहे.

आणखी एक. आई, पुढचा ड्रेस शिवशील तेव्हा बटणं समोर लाव. समोर माझा हात पोहोचतो. तो आधीपासूनच पोहोचत होता.

सुतळी

१९ एप्रिल

ताई,

तू गेल्यापासून घर मोकळं मोकळं झालंय, हे तुला कळावं म्हणून नाही लिहीत. लिहायचं आहे ते वेगळंच.

आधी बातमी. टाके निघाले. गळ्यावरची रेघ कॉलरखाली जाते. रक्ततपासणी चांगली आली. पहिल्या आठवड्यात तिचे ओठ बधिर व्हायचे आणि बोटं आखडायची ते आठवतंय ना? डॉक्टर म्हणाले होते की हाडं इतकी वर्षं उपाशी होती, आता मिळेल ते कॅल्शियम अधाशासारखी ओढणार. ती ओढाओढ आता कमी झाली आहे. गोळ्यांचा डोंगर आहेच. गाल उतरायला वर्ष लागेल असं म्हणतात, पूर्ण उतरेल असं कोणी म्हणत नाही. उंची परत येणार नाही. तिने चौकटीवरची जुनी खूण खोडून काढली. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "मावशी, ती दुसरीच बाई आहे, तिचे कपडे मला होत नाहीत."

चष्म्याची फ्रेम मी बदलली. डावी काडी उंच ठेवून तिच्या गालाप्रमाणे बसवली आहे. गाल उतरत जाईल तशी दर महिन्याला खाली आणीन. हे काम दुसरं कोणी करू शकणार नाही, एवढं मी तुला ठासून सांगते.

आता मुद्द्याचं. तुझं पार्सल सोमवारी आलं. सगळे ड्रेस अंगावर ओतल्यासारखे बसले. डाव्या बाहीसारखी उजवीही सैल केलीस, हातातल्या त्या तुकड्यावर कापड घासू नये म्हणून, हे तिने मला दाखवलं. आणि समोर बटणं.

मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखी हात पुसत तिच्या खोलीच्या दाराशी गेले. ती आतून पूर्ण तयार होऊन बाहेर आली. म्हणाली, "मावशी, तू आज चहा गरम पी." मी टेबलापाशी बसून गरम चहा प्यायले. बुधवारीही तेच. त्या लांब मानेच्या साहेबाचं काय झालं ते मला आठवडाभर कळलेलं नाही.

तिने मागितली म्हणून तू समोर बटणं लावलीस हे मला कळतं. पण तुला पाठीला लावता आली असती. तिने म्हटलं म्हणून सगळं ऐकायचं असतं असं थोडंच आहे? तू इतकी वर्षं कधी ऐकलं होतंस? मला वाटतं, तू तिथे बसून, ओठ मुडपून, एकेक काज करताना माझाच विचार करत होतीस.

मला तुझा राग आला आहे. कळावं म्हणून लिहिलं.

धाकटी

२७ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र वाचलं. त्या मंगळवारी सकाळी तुला जे वाटलं ते मला सव्वा वर्ष रोज सकाळी वाटत होतं. काही होत नाही. चहा गरम प्यायची सवय होते.

तुझा विचार करत नव्हते असं म्हणणार नाही. पण ती काजं मी तिच्या बोटांच्या मापाने केली. बोटं अजून आखडतात, म्हणून नेहमीपेक्षा मोठी. बटणंही चपटी नाहीत, घुमटाची आहेत, पकडता येतील अशी. मला ते करताना बरं वाटलं असंही समजू नकोस. जुना कागदी नमुना खिळ्यावरून काढला. नवा टांगला आहे. तो लहान आहे. येता-जाता दिसतो.

खूण खोडली ते योग्य केलं. फ्रेमचं काम तुझं, त्यात मी पडत नाही.

या पत्राबरोबर पार्सल आहे. त्यात सुतळीसाठी काही नाही. तुझ्यासाठी ड्रेस आहे. मार्चमध्ये तू बाकड्यावर झोप लागून माझ्या खांद्यावर कलंडलीस तेव्हा माप घेतलं. वितीने घेतलं आहे, थोडं इकडेतिकडे असेल. त्याला पाठीला बटणं आहेत, गळ्यापासून कंबरेपर्यंत. ती तुला स्वतःला लावता येणार नाहीत. सकाळी सुतळीला सांग. तिचा हात वर जात नाही, म्हणून तू स्टुलावर बस आणि ती मागे उभी राहील. वरून खाली लावायची हे तिला माहीत आहे. घाई करू नका, चार गोष्टी बोलून होतात.

त्याच कापडात मलाही एक शिवावा असं मनात आलं होतं. पुरेसं कापड होतं. पण इथे बटणं लावणार कोण, म्हणून उरलेलं घडी घालून ठेवलं आहे.

थोरली